सरकारचा रुपया घेत नाही, मग लायसन कशाचं?

मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करते, मराठवाड्यातच, जिल्ह्याचं नाव राहू द्या. ऊसतोडीचा सीझन चालू होता, तांडे निम्मे रिकामे, आणि कुणीतरी १०९८ ला, म्हणजे लेकरांच्या हेल्पलाइनला, कळवलं की रोडच्या कडेला एका शेडमधी लेकरं ठेवलीत. तपासणी समितीत एक बाई अन एक डॉक्टर लागतोच, त्यामुळं डॉक्टर मॅडमची ओपीडी संपेपर्यंत आम्ही गाडीतच बसून.

बोर्ड होता अनाथ बालकाश्रम, खाली देणगीचा क्यूआर कोड. चालक भाऊ एकदम गोड, चहा सांगितला आणि धर्मादायचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट समोर ठेवलं. म्हणलं भाऊ हे ट्रस्टचं झालं, लेकरं ठेवायची नोंदणी दाखवा, २०१५ च्या बाल न्याय कायद्याची, कलम ४१ ची. तर लगेच, "मॅडम, आम्ही सरकारचा एक रुपया घेत नाही, मग लायसन कशाचं?" हे तर जिथं जाल तिथं ऐकायला मिळतं. अनुदान घ्या नाहीतर नका घेऊ, नोंदणी लागतेच, नसली तर वर्षापर्यंत कैद नाहीतर कमीत कमी एक लाख दंड किंवा दोन्ही. हे ऐकल्यावर चहा काही आला नाही.

हजेरी बघितली तर उद्याच्या तारखेलाबी सगळे हजर! सात लेकरांमागं एक संडास असा नियम आहे, इथं सगळ्यांत मिळून दोन, त्यातल्या एकाला कुलूप. उघडायला लावलं तर आत देणगीत आलेल्या नव्या ब्लँकेटचे गठ्ठे, पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत, आणि बाहेर एका सतरंजीवर तीन-तीन लेकरं, बोटांच्या बेचक्यात खरूज. डॉक्टर मॅडमनी एकाला विचारलं आई कुठंय रं, तर म्हणला "कारखान्याला". जवळपास सगळ्यांचेच मायबाप जिवंत, ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमानंच इथं आणून सोडलेली.

खरं अवघड पुढंच. शेड बंद करा म्हणणं सोपंय, पण मायबाप मार्चशिवाय यायचे नाहीत, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठीची हंगामी वसतिगृहं वेळेवर चालू झाली असती तर ही दुकानं चाललीच नसती असं माझं मत. अशी लेकरं कुठं ठेवायची ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढं लेकरं उभी केली, मुकादमांना फोन लावून लावून काहींच्या आज्या सापडल्या, बाकीची नोंदणी असलेल्या बालगृहात.

पुढं चालक भाऊ नोंदणीचा अर्ज घेऊन ऑफिसला आले, किती दिवसात होईल मॅडम? म्हणलं आधी संडास बांधा.