मॉरोविंड: नव्यांनी सुरुवात कशी करावी

'मॉरोविंड' हा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम पहिल्यांदा लावणारे बरेच जण तासाभरातच वैतागून सोडून देतात. तक्रार ठरलेली: उंदरावर तलवारीचे दहा वार केले, लागला एक. २००२ चा गेम आहे म्हणून तो बिघडलेला आहे असं मुळीच नाही. इथे वार पडताना दिसला तरी लागला की नाही, हे आतला फासा ठरवतो आणि त्याचं गणित अगदी सरळ आहे.

शस्त्राचं स्किल (कौशल्याचा आकडा) घ्या, त्यात अ‍ॅजिलिटीचा (चपळाई) पाचवा आणि लकचा (नशीब) दहावा हिस्सा मिळवा. आलेल्या बेरजेला हिरव्या पट्टीने, म्हणजे फॅटीगने (अंगातल्या दमाने) गुणा: पट्टी भरलेली असेल तर १.२५, संपली असेल तर ०.७५. यातून समोरच्याची वार चुकवण्याची क्षमता वजा होते. लाँग ब्लेड (लांब तलवारीचं स्किल) ५० आणि अ‍ॅजिलिटी, लक ४०-४० असेल, तर भरल्या पट्टीवर साधारण ७७ टक्के हाती येतात. स्किल ५ असेल तर जेमतेम २१. धावल्याने हिरवी पट्टी उतरते आणि नवखा नेमका शत्रूवर धावतच जातो. शेवटची काही पावलं चालत जा. मंत्र फसण्यामागेही अनेकदा हीच रिकामी पट्टी असते.

दुसरी फसगत सेडा नीनच्या, म्हणजे गेम सुरू होतो त्या गावाच्या, कचेरीतच होते. टेबलावर लोखंडी खंजीर मिळतो, तो सगळेच उचलतात. पण खंजिराला शॉर्ट ब्लेड हे वेगळं स्किल लागतं. तुम्ही लाँग ब्लेड निवडलं असेल, तर तो हातात असून नसल्यासारखाच.

पहिल्या कॅरॅक्टरसाठी रेडगार्ड हा वंश घ्या. लाँग ब्लेडला त्याचे १५ जास्त मिळतात. ते मेजर, म्हणजे मुख्य स्किलमध्ये ठेवलं (३०) आणि स्पेशलायझेशन कॉम्बॅट घेतलं (५), की थेट ५० ने सुरुवात होते. सुरुवातीला निवडायच्या जन्मराशींपैकी लेडी माझ्या मते सर्वांत भरवशाची, कारण ती एन्ड्युरन्स (चिवटपणा) २५ ने वाढवते. दर लेव्हलला आरोग्य एन्ड्युरन्सच्या दहाव्या हिश्शाने वाढतं आणि मागच्या लेव्हलची भरपाई पुढे होत नाही. म्हणून एन्ड्युरन्स सुरुवातीलाच वाढवायचा. मेजर आणि मायनर (दुय्यम) स्किलमध्ये मिळून दहा वाढी झाल्या, की झोपल्यावर लेव्हल मिळते.

कचेरीच्या अंगणातल्या पिंपात एक अंगठी असते. ती गावातल्या फार्गोथला परत द्या, दुकानदार आरिलही तुमच्यावर खूश होतो. मग सिल्ट स्ट्रायडर या प्रवासी महाकाय किड्यावरून बाल्मोरा शहरात जा आणि तिथल्या कायस कोसाडिसला कचेरीत मिळालेलं पुडकं द्या. तो २०० नाणी देतो आणि आधी जरा अनुभव घेऊन ये म्हणतो. ते मनावर घ्या, एखाद्या गिल्डमध्ये सामील व्हा.

नकाशावर वाट दाखवणारा बाण नसतो. पत्ता माणसं सांगतात आणि तो जर्नलमध्ये (गेममधल्या रोजनिशीत) उतरतो. 'पूल ओलांडून वळा' असं लिहिलं असेल तर खरंच पूल शोधायचा. आर्कन्गथँड या जुन्या अवशेषापाशी नवखे हमखास अडकतात: दार सापडतं पण उघडत नाही. कळ दारावर नाहीच, ती जवळच्या पाइपावरच्या चाकात आहे. चाक फिरवून लगेच आत शिरा, थोड्या वेळाने दार पुन्हा बंद होतं. या शोधाशोधीमुळेच गेम जिथे घडतो त्या व्हार्डनफेल बेटाच्या वाटा तोंडपाठ होतात, आणि ते सुख बाणामागे पळण्यात नाही.

आजच्या संगणकावर खेळायचं तर गेम ऑफ द इयर आवृत्ती विकत घ्या आणि वर ओपनएमडब्ल्यू हे मोफत इंजिन टाका. मूळ गेमच्या फाइल लागतातच. इन्स्टॉलेशन विझार्डमध्ये त्यांची जागा दाखवली, की झालं. लाँचरमध्ये सुरुवातीला ट्रायब्यूनल या विस्तार-भागावरची खूण काढून ठेवा. ती राहिली तर पहिल्याच लेव्हलला झोपेत डार्क ब्रदरहुडचे मारेकरी येतात आणि त्यांच्यापुढे नवखं कॅरॅक्टर टिकत नाही. दहाव्या लेव्हलच्या आसपास खूण परत करा, तोच सेव्ह पुढे चालतो.