मामांचं दुकान आणि ४० जीबीचं गोदाम

जूनचा दुसरा आठवडा. सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी, आणि सकाळी साडेदहाला निफाडहून मामांचा फोन : "अरे, बिल निघंना. काउंटरला पंधरा माणसं उभी आहेत."

मामांच्या कृषी सेवा केंद्राचं बिलिंग एका भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. तो तीन वर्षांपूर्वी मीच लावून दिला, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं. पुण्यातून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड चालवायच्या सोयीने, आत शिरलो. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, एकच ओळ : 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', डिस्कवर जागाच नाही. डिस्कची जागा सांगणारं 'डीएफ' म्हणालं, ४० जीबीपैकी ३८ वापरात, शिल्लक शून्य. उरलेले दोन कुठे गेले म्हणाल तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनसाठी, राखीव असते.

आधी गर्दी. 'एपीटी क्लीन' करून पॅकेजेसचा कॅश, म्हणजे आधी डाउनलोड झालेल्या इन्स्टॉलेशन फाइली, उडवला, तीनेकशे एमबी मिळाले, बिलं निघू लागली. संध्याकाळपर्यंत एवढं पुरेल असा अंदाज बांधला आणि शोधाला लागलो.

फोल्डरनिहाय आकार सांगणाऱ्या 'डीयू'ने आकड्यांची भिंत समोर उभी केली. एका फोल्डरात शिरा, बाहेर या, दुसऱ्यात शिरा. तिसऱ्या फेरीला पहिलीचे आकडे विसरलेले. मला चित्र हवं होतं. म्हणून सर्व्हर एसएसएचएफएसने लॅपटॉपला जोडला, म्हणजे त्याचे फोल्डर इथलेच असल्यासारखे दिसू लागले, आणि त्यावर लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपचं बाओबाब, डिस्कच्या वापराचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर, सोडलं. चूक! प्रत्येक फाइलचा आकार विचारायला नेटवर्कवरून एक हेलपाटा. चहा झाला, दुसरा झाला, वर्तुळ फिरतच होतं.

मोजणी तिथेच करायची आणि फक्त निकाल इकडे आणायचा, हे तेव्हा सुचलं. सर्व्हरवर एनसीडीयू टाकलं, 'डीयू'सारखंच पण बाणांनी फिरता येणारं, छोटंसं आहे. त्याला निकाल फाइलऐवजी थेट पाइपमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे, ओतायला सांगता येतं, म्हणजे एसएसएचमधून तो इकडच्या एनसीडीयूमध्ये येऊन पडतो. भरलेल्या डिस्कवर एक अक्षरही लिहावं लागत नाही. फक्त 'एकाच फाइलसिस्टमपुरतं बघ' हा एक्सचा पर्याय द्यायचा, नाहीतर ते 'प्रॉक' या डिस्कवर नसलेल्या आभासी फोल्डरातही शिरतं. मिनिटभरात लॅपटॉपवर आडव्या पट्ट्या दिसू लागल्या, बाण दाबत आत-बाहेर करता येत होतं.

तरी चौकोनांच्या नकाशाचा, म्हणजे जेवढी मोठी फाइल तेवढा मोठा चौकोन, मोह सुटेना. असा नकाशा काढणाऱ्या क्यूडिरस्टॅटसोबत एक पर्ल स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) मिळते. ती सर्व्हरवर चालवायची, तिने बनवलेली छोटी कॅश फाइल इकडे आणून उघडायची. या नकाशाला ट्रीमॅप म्हणतात. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांना तो सुचला तोही अशाच कारणाने : ८० एमबीची डिस्क, वापरणारे १४ जण, आणि ती कायम भरलेली. चौदा जणांच्या मेसमधला एकच फ्रिज म्हणा ना.

नकाशा उघडला आणि दोन गोष्टी लगेच दिसल्या. एका बाजूला फरशी बसवल्यासारखे एकसारखे चौकोन : मायएसक्यूएल या डेटाबेसचे बिनलॉग, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदी, एकेक जीबीचे अकरा. आवृत्ती ८ मध्ये ते आपोआप चालू असतात आणि ३० दिवस राहतात. त्यात हे सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी सगळा स्टॉक पुन्हा लिहितं. दुसऱ्या बाजूला ९ जीबी माझेच रात्रीचे बॅकअप. त्याच डिस्कवर! जुने काढायचे हे माझ्या लक्षातच नव्हतं. बिनलॉग हाताने उडवायचे नसतात, मायएसक्यूएलला 'पर्ज' (जुने काढ) सांगायचं असतं. तसं केलं, बॅकअप दुसरीकडे हलवले.

पण हिशेब लागेना. नकाशाची बेरीज २९ जीबी होती, 'डीएफ'ने सांगितलेले ३८. नऊ जीबी हवेत?

नकाशात फक्त नाव असलेल्या फाइली येतात. तीन आठवड्यांपूर्वी फुगलेला लॉग मी 'आरएम' या फाइल काढायच्या कमांडने उडवला होता आणि सॉफ्टवेअर रीस्टार्ट करायचं राहून गेलं होतं. नाव गेलं, पण चालू सॉफ्टवेअरच्या प्रोसेसने फाइल धरूनच ठेवली होती आणि तिच्यात लिहीतही होती. 'एलएसओएफ' या कमांडला नाव उडालेल्या उघड्या फाइली विचारल्या, तर ती तिथे बसलेली.

रात्री दुकान बंद झाल्यावर रीस्टार्ट केलं. मामांना समजावायला गेलो तर तेच म्हणाले, "म्हणजे रजिस्टरला पोती कमी केली, पण हमालाने उचललीच नाहीत." याहून नीट मला सांगता आलं नसतं.

नकाशाचा फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "यात आपलं दुकान कुठंय?"

खालच्या कोपऱ्यातल्या दोन जीबीच्या चौकोनाला गोल करून परत पाठवला.