डॅलसच्या काळ्या जमिनीत बफेलो गवत

अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या डॅलस, प्लेनो, फ्रिस्को या पट्ट्यातली माती मराठी माणसाला लगेच ओळखू येते. तीच चिकण काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात बुटांना लगदा धरणारी. इथेही ती कापसाखाली गेली आणि मूळच्या गवताळ माळाचा एक टक्काही उरला नाही. टेक्सासच्या माळांवरचं बफेलो गवत मात्र अंगणात आणता येतं: वीतभर उंच, राखी-हिरवं, कमी पाण्यावर तगणारं.

अडचण एकच, पण मोठी. बहुतेक अंगणांत आधीच बर्म्युडा असतं आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ती मेल्याशिवाय बियाणं विकत घेऊच नका. माती उकरणारा रोटर फिरवला तर काशांचे, म्हणजे तिच्या जमिनीखालच्या आडव्या खोडांचे, तुकडे होतात आणि डोळ्याडोळ्यातून नवी हरळी फुटते. उन्हाळ्यात उलट तिला पाणी द्या, जोमात येऊ द्या आणि मग ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा. तीन-चार आठवड्यांनी फुटवे दिसले की पुन्हा, बहुधा तिसऱ्यांदाही. सुकलेल्या हरळीवरची फवारणी वाया जाते, कारण औषध हिरव्या पानातूनच काशांपर्यंत उतरतं. यात अख्खा उन्हाळा जातो, जाऊ द्या.

पेरणी पुढच्या वर्षी, एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, जमीन चांगली तापल्यावर. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की वरचे दोन-तीन इंच मोकळे करा. ओल्यात खोदलं तर नुसती ढेकळं निघतात. 1000 चौरस फुटांना सव्वा ते दीड किलो बी, पाव ते अर्धा इंच खोल, वरून रोलरने दाबून. बी टणक बोंडात असतं, म्हणून पोटॅशियम नायट्रेटची प्रक्रिया केलेलंच घ्या. नाहीतर उगवण महिनोन्‌महिने रेंगाळते आणि तेवढ्यात तण जागा धरतं.

पहिले दोन-तीन आठवडे वरचा थर सतत ओलसर ठेवा. मग पाळ्या लांबवत न्या. गवत बसलं की भर उन्हाळ्यातही दोन-तीन आठवड्यांनी इंचभर पाणी पुरतं. जास्त पाणी आणि खत दिलं तर फायदा हरळीचाच होतो. झाडाखाली लावू नका, याला सहा-आठ तास थेट ऊन लागतं. थंडीत ते पिवळं पडतं, मेलेलं नसतं.

घरमालकांच्या सोसायटीची धास्ती असेल तर 2013 च्या टेक्सास कायद्यानुसार तिला कमी पाण्याच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही. आराखडा मात्र आधी मंजूर करून घ्या.

पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा वाकून बघा. बफेलोचे धावरे, म्हणजे आडव्या पसरणाऱ्या फांद्या, जमिनीवरूनच पसरतात आणि नर रोपावर पात्यांच्या वर दोन-तीन छोटे झेंडे दिसतात. एकाच बिंदूतून चार-पाच बोटं फुटलेला तुरा दिसला तर ती हरळी. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खुरप्याने खोल जाऊन काशी अखंड काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका.