वीणा म्हणजे नक्की कुठली वीणा?

लहानपणी गावच्या सप्ताहात आजोबांचा पहाटे दोन ते चारचा पहारा असायचा, मी हट्टाने सोबत जायचो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून काढली की सरळ दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे माझ्यासाठी वीणा म्हणजे तीच, चार तारांची, नुसता सूर धरायची. नंतर सरस्वतीच्या फोटोत बघितली तर ती मोठी, दांडीवर पडदे (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) असलेली. दोन्हींना वीणाच कसं म्हणतात हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता.

मग वाचत गेलो तर कळलं की सगळ्यात जुनी वीणा या दोन्हींसारखी नव्हतीच! चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा वीणा वाजवत बसलाय, ती धनुष्यासारखी वाकलेली, म्हणजे चक्क हार्प. तिला पडदे नाहीत कारण प्रत्येक तारेचा एकच सूर, जेवढे सूर हवेत तेवढ्या तारा, म्हणून नाट्यशास्त्रात चित्रा वीणा सात तारांची आणि विपंची नऊ तारांची, आणि त्याच्याही आधी महाव्रत या वैदिक यज्ञविधीत वाजायचा तो वाण तर शंभर तारांचा. पुढे दांडीची वीणा आली, एकाच तारेवर बोट सरकवून कितीतरी सूर निघायला लागले, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) आली, आणि हळूहळू आपल्याकडची हार्प जवळजवळ संपलीच. ब्रह्मदेशात मात्र तिच्याच कुळातली सौंग अजून वाजते, एकदा ऐकाच.

वाद्य पार बदललं पण नाव तेच राहिलं, कारण जुन्या संस्कृतात वीणा हे एका वाद्याचं नावच नाही, तारांचं वाद्य म्हणजे वीणा. रुद्रवीणा, विचित्रवीणा, सगळ्या त्यातच आल्या.

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. जुन्या ग्रंथांत लाकडाची ती दारवी वीणा आणि माणसाचं शरीर ती गात्रवीणा, असं म्हटलंय. ऐतरेय आरण्यक या वैदिक ग्रंथात तर शरीर हीच देवांची वीणा आणि माणसाने बनवलेली तिची नक्कल.

हे वाचलं आणि आजोबाच आठवले. तारेवर एक बोट, डोळे मिटलेले, आवाज बसलेला तरी रामकृष्णहरी चालूच, आणि चार वाजता पुढचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात घालून आधी त्याच्या पाया पडायचे, तो नातवाच्या वयाचा असला तरी.