सिक्युरिटी चेकला नाटक म्हणण्याआधी कनिष्क आठवा

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच विषय. मावशीच्या हँडबॅगेतलं लोणचं सिक्युरिटीवाल्यांनी काढून ठेवलं आणि मग सगळे सुरू झाले, हे सगळं नाटक आहे, अतिरेकी काय लोणच्याची बरणी घेऊन येणारेत का वगैरे. मावशीचं वाईट मलाही वाटलं. पण नाटक म्हटलं की मला राहवत नाही, कारण चेकिंग ढिलं पडलं की काय होतं ते आपल्या एअर इंडियाने १९८५ साली कनिष्क नावाच्या विमानाच्या वेळी भोगलंय आणि आज ते फारसं कुणी काढतही नाही.

२२ जूनला कॅनडात व्हँकुव्हरच्या काउंटरवर एम. सिंग नावाच्या तिकिटावर एक माणूस आला. टोरांटोपासून पुढे दिल्लीपर्यंतचं त्याचं सीट वेटिंगवर होतं, म्हणजे बॅग थेट दिल्लीला लावता येत नव्हती, पण तो हटूनच बसला, मागे लाईन वाढत चाललेली, शेवटी काउंटरवरच्या बाईंनी टॅग लावून दिला. बॅग गेली, माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोला ऐनवेळी एक्स-रे मशीन बंद पडलं म्हणून हातात धरायचं स्फोटकं ओळखणारं एक यंत्र बॅगांवरून फिरवलं, त्याच्यावर भरवसा ठेवावा असं ते नव्हतंच, आणि पोलिसांची हुंगणारी कुत्री नेमकी त्या दिवशी ट्रेनिंगला गेलेली. दुसऱ्या दिवशी आयर्लंडजवळ समुद्रावर कनिष्क हवेतच फुटलं. ३२९ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान पोरं. त्याच्या तासभर आधी जपानच्या नारिता एअरपोर्टवर त्याच कटातली दुसरी बॅग फुटून सामान उचलणारे दोन कामगार गेले होते.

यात अतिरेक्यांची हुशारी कितीशी होती हो? एक बंद मशीन आणि एक बिनमाणसाची बॅग, बस. १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटलेल्या विमानात परत तेच, बॅग आहे पण प्रवासी नाही, २७० मृत्यू. आज चेक-इन केलेला माणूस बोर्डिंगला आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि आपण लेट झालं म्हणून चिडतो, त्या नियमामागे ही माणसं आहेत.

आता दुसरी बाजूही खरीच आहे. अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी नकली बॉम्ब आणि शस्त्रं घेऊन चेकिंगची परीक्षा घेतली तर ७० पैकी ६७ वेळा ते आरामात पार झाले, हे २०१५ मध्ये बाहेर आलं. हँडबॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत पातळ काही नेता येत नाही हा नियम ज्या कटामुळे आला तो २००६ चा ब्रिटनमधला कट एअरपोर्टवर पकडलाच नव्हता, पोलिसांनी पाळत ठेवून आधीच धरला.

मग ही लाईन कशाला? मला वाटतं मशीनने किती पकडले एवढंच मोजून उत्तर मिळत नाही. २००१ मध्ये रिचर्ड रीड नावाच्या अतिरेक्याने विमानात चढताना बुटात स्फोटकं लपवली, २००९ च्या ख्रिसमसला डेट्रॉईटच्या विमानात एकाने चड्डीत. दोघेही चेकिंगमधून निसटले, पण निसटायचं म्हणून त्यांना असलं काहीतरी अवघड, बिनभरवशाचं जमवावं लागलं, आणि ते ऐनवेळी फुटलंच नाही, आजूबाजूच्या प्रवाशांनी दोघांनाही धरलं. सरळ सुटकेसमध्ये टायमर ठेवून देता आला असता तर ती दोन्ही विमानं आज नसती. हे श्रेय चेकिंगचंच.

अर्थात साखळीत एक एअरपोर्ट कच्चा निघाला की बाकीच्यांनी केलेलं पाण्यात. १९९९ ला अतिरेक्यांनी कंदहारला पळवून नेलेल्या आयसी ८१४ विमानात हत्यारं चढली ती काठमांडूला, दिल्लीला नाही. त्यानंतर २००० पासून आपल्याकडे एअरपोर्टच्या सुरक्षेला सीआयएसएफ हे केंद्राचं सुरक्षा दल आलं आणि ते चांगलंच झालं.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच दाराची. २०१६ मध्ये सोमालियात मोगादिशूहून निघालेल्या विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला, आणि तो चेकिंगच्या पलीकडे एअरपोर्टवरच्या माणसांनीच हातात दिल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. सामान चढवणारे, सफाईवाले, केटरिंगवाले, दुकानातली पोरं, अगदी साहेब लोकसुद्धा, आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती रोज आपल्यासारखीच झाली पाहिजे, ओळखीचा चेहरा म्हणून कुणाला सूट नको. आणि एक्स-रेच्या स्क्रीनसमोर बसणाऱ्याला वेळेवर उठवून त्याच्या जागी ताज्या डोळ्यांचा माणूस बसवायला हवा, मग त्यासाठी जास्त माणसं भरावी लागली आणि तिकिटामागे चार पैसे जास्त लागले तरी मी द्यायला तयार आहे.