केनियाची बॅग भरताना

केनियाला जायचे ठरल्यावर सहल कंपनीकडून आलेल्या माहितीपत्रकात सामानासंबंधी एक अट होती आणि आमच्या घरातील पुढची सगळी बांधाबांध त्या अटीभोवती फिरत राहिली. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मसाई मारा अभयारण्याकडे जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी १५ किलो सामान नेता येते, त्यात हातातली पिशवीही धरली जाते, आणि बॅग मऊ कापडाची असावी लागते, कारण विमानाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यात ती दाबून बसवतात. मुंबई ते नैरोबी या मोठ्या विमानात याहून बरेच अधिक वजन चालत होते, परंतु पुढे ते ठेवणार कुठे, हा प्रश्न उरतच होता. त्यामुळे चाकांच्या कडक ट्रॉल्या माळ्यावरच राहिल्या आणि कापडी डफल बॅगा खाली उतरल्या.

कपड्यांच्या आधी कागदांची तयारी करावी लागली. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, सुरू केली आहे. ते काम घरबसल्या झाले. यलो फीवरच्या लसीचे तसे नाही. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मानले जाते. केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे हे पिवळे कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. सासूबाईंची साठी उलटलेली असल्यामुळे मला थोडी काळजी होती, कारण या लसीत दुर्बल केलेला पण जिवंत विषाणू असतो आणि साठीपुढच्या माणसाला ती पहिल्यांदा देताना डॉक्टर विचार करूनच देतात. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांचे जुने रिपोर्ट पाहिले, चालू औषधांची चिठ्ठी लिहून दिली, आणि ती घेऊनच आम्ही केंद्रावर गेलो. तिथेही अंड्याची ॲलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत का, असे प्रश्न विचारूनच लस दिली गेली. तिकिटे काढल्याबरोबर या कामाला लागावे, असे मी कोणालाही सांगेन.

कपड्यांनी मात्र घरात बराच वाद घडवून आणला. विषुववृत्त केनियातूनच जाते, तेव्हा सुती कपडे आणि टोप्या नेल्या की भागले, असे माझ्या यजमानांचे म्हणणे होते. परंतु नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि माराचा बराचसा प्रदेश १,५०० मीटरच्या वर आहे. ऑगस्टमध्ये पहाटे छत उघडलेल्या जीपमधून निघायचे तर अंगात स्वेटर आणि वर वारा अडवणारे जाकीट हवेच; दुपारी तेच सगळे उतरवून सदरा-टोपीवर यायचे. आता ऑगस्टमध्ये ठाण्यात स्वेटर कुठे शोधायचा? गोखले रोडवरच्या दुकानांत त्या दिवसांत रेनकोट, छत्र्या आणि गणपतीच्या आराशीचे सामान. शेवटी ट्रंकेतले जुने स्वेटर काढले. त्यांना डांबरगोळ्यांचा वास, आणि धुवावेत तर श्रावणातल्या हवेत लोकर वाळेना. दोन दिवस ते पंख्याखाली दोरीवर लटकत होते, तरी काखेचा भाग दमटच. अखेरीस उलटे करून, वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवली तेव्हा कुठे ते बॅगेत ठेवण्याजोगे झाले. दमट कपडा घडी करून बॅगेत कोंबला तर मुक्कामी पोचेपर्यंत शेजारचे कपडेही कुबट वास मारू लागतात, हे पावसाळ्यात प्रवास करणाऱ्या ठाणेकराला सांगायला नको.

रंगांचाही विचार करावा लागला. तिथली चावणारी त्से त्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्यासाठी लावलेले सापळेही म्हणूनच त्या रंगांच्या कापडाचे असतात. कन्येच्या कपाटात निळ्या जीन्सखेरीज फारसे काही नसल्याने तिच्यासाठी खाकी आणि मातकट रंगाच्या दोन पँट घ्याव्या लागल्या, आणि त्या आणताना तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आपल्या घरांत बॅग भरणे म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचे प्रदर्शन असते : चपला एका पिशवीत, तेलाची बाटली दोन पिशव्यांत, आणि ‘लागतील म्हणून’ घडी करून ठेवलेल्या आणखी दहा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात २० ते ४० लाख शिलिंग दंड किंवा एक ते चार वर्षे कैद अशी तरतूद आहे. राष्ट्रीय उद्यानांत तर ५ जून २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या बाटल्या आणि पेलेही चालत नाहीत. बंदी आपल्याकडेही २०१८ पासून आहे, पण जांभळी नाक्यावर भाजी घेताना ती कोणाला आठवते हा वेगळा विषय. सासूबाईंनी मनावर घेतले आणि जुन्या सुती साड्यांच्या, नाडी ओवलेल्या पिशव्या मशीनवर शिवल्या : मोज्यांना लहान, चपलांना मोठी, कॅमेऱ्याला धूळ लागू नये म्हणून दुहेरी कापडाची. प्रत्येकासाठी स्टीलची बाटली घेतली. तिचे वजन खटकले, पण पर्याय नव्हता.

खाण्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. आपण गरजेपेक्षा फार नेतो. १८९६ ते १९०१ या काळात केनियातून जाणारी युगांडा रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर तिकडे गेले, त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी गेले, आणि आज चपाती व सामोसा हे तिथल्या लोकांचे रोजचे खाणे आहे. तरीही मेतकूट आणि दाण्याची चटणी बॅगेत गेलीच. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मी काढून ठेवल्या, कारण तेलाचे प्रमाण जास्त असल्याने त्या पेट घेऊ शकतात आणि विमानात चालत नाहीत.

औषधे आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवली. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायला मनाईच आहे. मलेरियासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या गोळ्या त्या भागात पोचण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून तिथून निघाल्यावर आणखी सात दिवस घ्यायच्या असतात, म्हणून मुक्कामाच्या दिवसांपुरत्या मोजून चालत नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने ट्रान्सफॉर्मर लागत नाही; चपट्या तीन पिनांचा ॲडॉप्टर मात्र न्यावा.

राहिले वजन. घरातल्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे, ही पद्धत कन्येला पटेना. ती बॅगा घेऊन कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेली. त्याने एकेक बॅग आकड्याला अडकवली, काटा स्थिर होऊ दिला आणि ‘रद्दीच्या भावात बसत नाही, परत न्या’ म्हणून हसला. माझी बॅग मर्यादेपेक्षा दीड किलोने जड निघाली. दोन पुस्तके आणि जादा सँडल काढले, तरी विल्सन विमानतळावर काटा थोडा पुढेच गेला; मग जाकीट अंगात चढवले, दुर्बीण गळ्यात अडकवली, आणि बॅग विमानात गेली.