यादीत नसलेली कंपनी

शेवटच्या वर्षाच्या कॉम्प्युटरवाल्या मुलांना मी शेअर बाजारावर प्रोजेक्ट करायला लावते. कोड लिहिण्यात पोरं तरबेज, पण बाजार म्हणजे त्यांना करोनानंतरची तेजी तेवढी ठाऊक.

रिव्ह्यूला दोघांनी आलेख लावला आणि लॅबमधली कुजबुज थांबली. नियम साधा: महिनाअखेरीला निफ्टीतले, म्हणजे एनएसई या शेअर बाजाराच्या पन्नास बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातले, सर्वांत जास्त पडलेले पाच शेअर समान रकमेचे घ्यायचे, महिनाभर ठेवायचे. 2008 पासूनच्या भावांवर हा नियम चालवला, तर भांडवलाची रेघ नुसती वर चाललेली.

"पन्नास नावं कुठून घेतलीत?"

"एनएसईच्या साइटवरून, मॅम. आजचीच यादी आहे."

"मग सत्यम कुठंय?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सत्यम ही 2008 मध्ये निफ्टीत असलेली आयटी कंपनी. फुकट डेटाच्या साइटवर नाव टाकलं, तर रिकामा तक्ता आला. शेवटी त्यांना एनएसईच्या जुन्या भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइली, उतरवायला बसवलं. भावकॉपीत त्या दिवशी ज्यात ज्यात व्यवहार झाला त्याची नोंद असते. पुढे कंपनी जगली की बुडाली, याच्याशी तिला देणंघेणं नाही. 7 जानेवारी 2009 च्या फाइलमध्ये 'सत्यमकॉम्प' सापडलं. आदल्या दिवशीचा बंद भाव 179 च्या आसपास, त्या दिवशीचा 40 च्या. सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली, तो हा दिवस. निफ्टीतून सत्यम लगेचच बाहेर गेला.

खरी गंमत पुढे होती. राजूंच्याच घरच्या मायटास कंपन्या विकत घेण्याच्या प्रस्तावामुळे सत्यम डिसेंबरातच आपटला होता. म्हणजे या दोघांच्या नियमाने वर्षअखेरीला तो हमखास घेतला असता, तोही पाचव्या हिश्शाने. फळ्यावर हिशेब मांडला: त्या एका शेअरपायी एका दिवसात भांडवलाचे सुमारे 15 टक्के साफ.

"स्टॉपलॉस लावला तर, मॅम? भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकून टाकायचा."

"तुमचा कोड फक्त बंद भाव बघतो ना? मग 40 लाच विकेल."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी युनिटेक, सुझलॉन, आरकॉम, येस बँक ही एकेकाळी निफ्टीत असलेली नावंही लिहिली. पडलेला शेअर परत उठतोच, असं आजच्या यादीवरून कोणालाही वाटेल; जे उठले नाहीत ते तिच्यात राहिलेलेच नाहीत.

दर सहामाहीला बदललेली यादी जुळवायची, वर विलीनीकरणं आणि बदललेली नावं. दोघांनी आठ दिवस मागितले. दिले. "आणि एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा कर, आणि ब्रोकरेजही वजा करा," म्हटल्यावर मात्र चेहरे बघण्यासारखे झाले.